सगळ्यात घट्ट नळी

बंदुकीची नळी जिथे संपते, अगदी त्या तोंडात माझी जागा. मी चोक. बोटभर लांबीची पोलादी नळी. अंगावर आटे आहेत, त्यांवर फिरवून मला छऱ्यांच्या बंदुकीच्या तोंडात बसवतात. बाहेर पडणारे छरे किती पसरू द्यायचे, एवढंच माझं काम. तीस यार्डांवर सैल चोकचे छरे ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाएवढे पसरतात, माझ्यासारख्या घट्ट चोकचे जेवणाच्या ताटाएवढे.

जन्म लेथवर झाला. आतून घासून घासून आरशासारखं केलं आणि एका खोक्यात घातलं. खोक्यावर डोळे वटारलेल्या रानकोंबड्याचं चित्र. चित्र रागीट असलं की माल लवकर खपतो, हे मी अमेरिकेतल्या मिझुरीत बंदुकीच्या एका दुकानात काचेमागे बसल्या बसल्या शिकले. लोकांकडे बघत बसायला मला आवडतं. दुसरं काय करणार!

एल्डन प्रुइट आला तो बायकोला, वनीटाला, घेऊन. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस. गावच्या आगीच्या बंबासाठी पैसे जमवायला दर ऑक्टोबरात नेमबाजी भरते. दर फेरीला प्रत्येकाला एक पुठ्ठा, त्यावर फुली, आणि एकच बार. ज्याचा छरा फुलीच्या सगळ्यात जवळ, त्याला धुरावलेली डुकराची अख्खी तंगडी. एल्डनने ती कितीदा नेली होती. पण यंदा वसंतापासून त्याचा डावा हात थरथरायला लागला होता. त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. अर्थात सगळ्यांना माहीत होतं.

"बंदूक कुठली तुझी?" दुकानदाराने विचारलं. "प्रत्येक बनावटीचे आटे वेगळे. चुकीची चोक बसल्यासारखी वाटते आणि पहिल्याच बाराला बंदुकीच्या नळीची वाट लागते."

एल्डनने बंदूक सांगितली. "आणि सगळ्यात घट्ट दे."

"बंदुकीबरोबर आलेल्या नळ्या घरात पडल्यात की," वनीटा म्हणाली. "त्यांनी काय घोडं मारलंय?"

"तुला त्यातलं कळत नाही."

"तुझ्या त्या बंदुकीच्या तेलाचा वास माझ्या पडद्यांनासुद्धा कळतो, मला नाही होय?"

"आधी कागदावर मारून बघ रे," दुकानदार मला पिशवीत घालताना म्हणाला. "खोकं वाचून चोक कळत नाही."

एल्डनचा हिशोब सरळ होता. हात ढिला पडला, तर नळी घट्ट करायची. आपण माणसं असाच हिशोब करतो, असं वनीटा नंतर म्हणाली. मी तर माणूसही नाही, तरी मला तेव्हा तो पटला. मीच औषध, असं वाटून मी फुगले होते.

गोठ्यामागे वनीटाने मोठा कागद टाचला. एल्डनने बार काढला. माझ्या छऱ्यांची नक्षी काय सुंदर उमटली होती! गोल, दाट. फक्त ती कागदाच्या कोपऱ्यात होती.

"नळी वाकडी आहे," एल्डन म्हणाला. मी सरळच होते.

वनीटाने जुनी सैल नळी पुढे केली. या वेळी भोकं कागदभर विरळ पडली, पण चार-दोन मध्यभागीही होती.

"ही काय नक्षी! चाळण आहे नुसती!"

"चाळणीला मधोमधही भोक असतं, एल्डन."

त्याने गुपचूप, कितीदा आटे चुकवत, मला परत बसवलं. घोडचूक होती, पण कारण मला ठाऊक होतं. चोकच्या कडेवर खाचा असतात, त्यावरून कुठली नळी ते कळतं, आणि नेमबाजीच्या वेळी मांडणीवर ठेवलेल्या दुसऱ्याच्या बंदुकीकडे न डोकावणारा माणूस त्या गावात जन्मायचाय. सैल नळी लावली की हाताची गोष्ट चारचौघांत कबूल केल्यासारखीच.

शनिवारी बंबाच्या ठाण्याच्या अंगणात घेवड्याचं पातेलं, मक्याचा पाव आणि भोपळ्याचं सारण भरलेल्या गोड पेस्ट्र्या मांडलेल्या. पंच प्रत्येक बंदुकीच्या तोंडात पितळी गुल्ली घालून बघत होता. नियमापेक्षा घट्ट नळी चालत नाही. मी कशीबशी पास झाले.

"एवढी घट्ट?" शेजारचा डेल्बर्ट ओरडला. "छरे काय एकेक करून, रांगेत सोडणार?"

"तुझी बायको तुला घरात घेते तसे, दार बोटभर उघडून!" एल्डनने परतवलं.

अंगण हसलं. मग एल्डनची पाळी आली. बार झाला आणि पुठ्ठा परत आला. कोरा. एक ओरखडासुद्धा नाही.

कुणीच हसलं नाही. डेल्बर्ट, ज्याच्या तोंडाला कधी झाकण नसतं, बुटांकडे बघत म्हणाला, "वारा होता जरा."

वारा नव्हता. एका बाईने एल्डनची पाठ थोपटली, लहान मुलाची थोपटतात तशी. त्याची मान लाल झाली.

तो गाडीच्या मागच्या फळीवर जाऊन बसला. वनीटाने कॉफी आणली, सांडू नये म्हणून अर्धाच कप.

"घरी जायचं?"

त्याने एक घोट घेऊन कप फळीवर ठेवला. मग त्याने रिकामी, उघडलेली बंदूक तिच्यापुढे धरली.

"जुनी आणलीयेस?"

"पर्समध्ये आहे."

"तूच फिरव. माझी बोटं आट्यावर ठरत नाहीत."

हे तो हळू बोलला नाही. सगळे बघत असताना वनीटाने चपटी किल्ली लावून मला बाहेर काढलं आणि जुनी नळी बसवली. पुढचं मी तिच्या उघड्या पर्समधून, पेपरमिंटच्या गोळ्यांत बसून पाहिलं.

दुसऱ्या फेरीत एल्डनच्या पुठ्ठ्यावर दोन भोकं होती. एक फुलीपासून अंगठाभर लांब. डेल्बर्टचं नखभर. तंगडी डेल्बर्टला गेली. ती खांद्यावर टाकून तो अंगणभर नाचला.

"अरे एल्डन, एवढी सैल नळी! त्यापेक्षा मूठभर छरे हातानेच फेकायचेस की, म्हाताऱ्या!"

अख्खं अंगण खदखदून हसलं. सगळ्यात मोठ्याने एल्डन.

"नाच, नाच! पुढच्या फेरीत तुझी तंगडी ओढतो बघ!" असं म्हणत तो पुठ्ठा घ्यायला पुन्हा रांगेत उभा राहिला, आणि डेल्बर्टने त्याला धक्का देऊन पुढची जागा पटकावली.

आता मी त्यांच्या स्वयंपाकघरातल्या खणात असते, दोऱ्याच्या रिळांशेजारी. वनीटा अधूनमधून तेल लावून पुसते. थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? कुणा स्थिर हाताच्या माणसाला हवी असेन तर अवश्य या. एल्डन किंमत कमी करेल, वनीटा करू देणार नाही. एवढंच करा, दुकानात चोक निवडायला जाल तेव्हा आपला आजचा हात बरोबर न्या. कालचा घरी ठेवा.