नाव घातलेला डबा

सुलभाबाईंनी मांडीवरच्या डब्याचं झाकण पुन्हा एकदा दाबून पाहिलं. मेतकूट सांडलं की त्याचा वास जाता जात नाही, आणि अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या त्या सभागृहात भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा. समोरच्या टेबलाशी अनुदान देणारी मंडळी बसली होती. पडद्याजवळ सावनी लॅपटॉपच्या वायरशी झटापट करत होती, आणि ती मेली वायर काही लागत नव्हती. मान वर करून ती बाईंकडे बघून हसली, तेव्हा कुठे त्यांच्या जिवात जीव आला. एवढ्या परक्या माणसांत आपलं म्हणावं असं तेवढंच होतं.

सावनी ‘सोबत’ नावाच्या संस्थेत सोशल वर्कर. मुलांकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्या आईवडिलांना घरी जाऊन भेटायचं, हे तिचं काम. निहारने, म्हणजे बाईंच्या मुलाने, आईचं नाव तिथे परस्पर दिलं तेव्हा बाई चांगल्याच फणकारल्या होत्या. मला काय धाड भरलीय, असं दोन दिवस चाललं होतं. पण पहिल्याच गुरुवारी ही पोरगी दारात बूट काढत म्हणाली, मावशी, आधी चहा मिळेल का? झालं. चहा मागणाऱ्या पोरीवर रागावणार कसं?

निहार आणि सून दिवसभर ऑफिसात. घरात बोलायला काय, तर फ्रीज. गुरुवारी मात्र बाई सकाळपासून ओट्याशी असायच्या. एकदा मेतकुटासाठी डाळी भाजायला घेतल्या तर छतावरच्या अलार्मने बोंब ठोकली. सावनी खुर्चीवर चढून त्याच्याखाली टॉवेल फडकवत राहिली, खाली बाई कढई हलवत राहिल्या, आणि दोघींना हसू आवरेना. जगन्नाथराव गेल्यानंतर आपण इतकं पहिल्यांदाच हसलो, हे रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर बाईंच्या लक्षात आलं.

तेव्हापासून मेतकूट सावनीच्या घरी जायला लागलं, तेही याच स्टीलच्या डब्यातून. डबा सांगलीहून आलेला, लग्नातला, वर ‘सौ. सुलभा जगन्नाथ’ असं नाव घातलेला. तो कधी रिकामा परत आला नाही. कधी दोन संत्री, कधी कुकीज, एकदा तर नुसता मूठभर कढीलिंब. रिकामा डबा परत करू नये हे त्या पोरीला सांगावं लागलं नाही. बाईंना तेवढं पुरे होतं.

आणि ती प्रश्नावली. एकटं वाटतं का, बोलायला कुणी आहे का, असले प्रश्न. सुरुवातीला विचारलं तेव्हा बाईंनी खरं ते सांगितलं होतं: रोज वाटतं. बर्फ वितळल्यावर सावनीने तेच प्रश्न पुन्हा काढले. त्या दिवशी तिचं तोंड एवढंसं झालं होतं. अनुदान पुढे मिळालं नाही तर नोकरी जाणार, नोकरी गेली की व्हिसा जाणार, हे तिने चहा पिता पिताच सांगितलं होतं. म्हणजे परीक्षा आपली नाही, पोरीची आहे, असं बाईंनी मनाशी धरलं. घरच्या मुलीला मार्क देताना कुणी हात आखडतं का? एकटं वाटतं का? कधीच नाही. सावनीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि कागदावर खूण केली.

वायर एकदाची लागली. पडद्यावर चौकोन उमटले आणि एकातून दुसऱ्यात जाणारे बाण. संस्थेच्या संचालक पद्मिनी बोलायला उभ्या राहिल्या. याला लॉजिक मॉडेल म्हणतात, त्या म्हणाल्या. आपण काय करतो, त्यातून काय घडतं आणि शेवटी माणसात कोणता बदल होतो, ते यात एका नजरेत दिसतं.

बाईंनी सांगलीच्या पोस्टात आयुष्य काढलेलं, इंग्रजी वाचायला अडचण नव्हती. वाचता आलं नसतं तर बरं झालं असतं. पहिल्या चौकोनात कर्मचारी आणि गाडी. दुसऱ्यात कृती. दर आठवड्याला घरी भेट. मातृभाषेत संभाषण. नात्याची हाक वापरणे: मावशी, काका. देऊ केलेलं खाणं न नाकारणे, शक्यतो आपणहून मागणे.

बाईंनी ती शेवटची ओळ पुन्हा वाचली. चहा मिळेल का!

तिथून बाण ‘विश्वास’ या चौकोनाकडे जात होता, विश्वासाकडून ‘एकटेपणात घट’ कडे आणि तिथून शेवटच्या चौकोनाकडे: केस बंद. पद्मिनी सांगत होत्या की या गटातल्या सगळ्या केसेस याच आठवड्यात बंद होताहेत, आता सावनी नव्या ज्येष्ठांकडे जाईल. यशच म्हणायचं हे. टेबलापाशी माना डोलल्या. सावनी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसली होती. बाईंना संताप आला की लाज वाटली, त्यांचं त्यांनाच कळेना. त्यांनी डबा घट्ट धरला.

मग त्यांना बोलायला बोलावलं. दोनच वाक्यं मावशी, असं सावनीने आधीच सांगून ठेवलं होतं. टेबलापाशी बसलेल्या एका गोऱ्या गृहस्थाने अगदी आदबीने विचारलं, की तुम्हाला आता खरंच एकटं वाटत नाही का?

खरं सांगितलं असतं तर ते चौकोन जागच्या जागी कोसळले असते. बाईंनी सावनीकडे पाहिलं. पोरगी पांढरीफटक पडली होती, ओठ घट्ट मिटलेले.

“नो,” बाई म्हणाल्या. “नॉट लोन्ली. शी डिड हर वर्क व्हेरी वेल.”

टाळ्या पडल्या. पद्मिनींनी येऊन त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

कार्यक्रम आटोपल्यावर बाई बाहेर पार्किंग लॉटच्या कडेच्या बाकावर निहारची वाट बघत बसल्या. सावनी मागोमाग धावत आली.

“मावशी, ते तसं नाहीये हो. फंडर्सना सगळं बॉक्समध्ये घालून दाखवावं लागतं.”

सावनी शेजारी बसली. केस बंद झाल्यावर क्लायंटला भेटायचं नाही असा ऑफिसचा रूल आहे, आपण त्याला काही करू शकत नाही, असं ती तुटक तुटक सांगत राहिली. ते मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, असंही म्हणाली. क्लायंट हा शब्द तिच्या तोंडून बाईंनी पहिल्यांदा ऐकला.

“एक विचारू?” बाई म्हणाल्या. “तू परत ते प्रश्न घेऊन आलीस, तेव्हा मी खोटं सांगितलं. तुला कळलं होतं ना?”

सावनी हातातली किल्ली या बोटातून त्या बोटात करत राहिली.

“कळलं होतं,” ती म्हणाली. मग बाईंकडे न बघता, “मेतकूट मला खरंच आवडतं, मावशी.”

“असेलही,” बाई म्हणाल्या.

निहारची गाडी वळणावर दिसली. बाई उठल्या. रागाच्या भरात डबा तसाच घरी न्यावा असं आतापर्यंत मनात होतं. पण मेतकूट हिच्यासाठी म्हणून केलेलं, घरात दुसरं कुणी त्याला हात लावत नाही. त्यांनी डबा सावनीच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, आणि तिचा चेहरा जरासा उजळला. सवयीने ती म्हणाली, “डबा आणून देते मी.”

“नको,” बाई म्हणाल्या. “राहू दे तुझ्याकडेच.”

सावनीचा अंगठा झाकणावरच्या नावावर थांबला. बाई गाडीत बसल्या, पट्टा लावला. निहारने विचारलं, कसं झालं आई? चांगलं झालं, त्या म्हणाल्या, आणि काच वर करून घेतली.