ऐरोलीची ऑर्डर

"झाकण लावू का?" मधुकरनं विचारलं.

"थांबा हो. या एकाला अजून चोच नाही."

वैजयंतीनं टुटीफ्रुटीचा केशरी तुकडा सुरीच्या टोकावर घेतला आणि शेवटच्या पिल्लाच्या तोंडावर अलगद टेकवला. मग मागे सरून तिनं सगळ्याकडे एकदा डोळे भरून पाहिलं. मधोमध पांढरी कोंबडी ऐटीत बसली होती. तिच्या पंखांवरचं एकेक पीस वैजयंतीनं बटर पेपरच्या कोनातून ओढलं होतं. भोवती हिरव्या रंगात घोळलेल्या खोबऱ्याच्या किसाचं गवत, आणि त्या गवतात कागदी वाट्यांत भाजलेले छोटे छोटे केक. प्रत्येकावर पिवळ्या आयसिंगचं एक पिल्लू, कुणी चोच वर केलेलं, कुणी आईच्या पोटाशी घुसलेलं. पुढे गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं, 'मीना'.

"सुधीरला कळवलंयस ना?"

"त्यात काय कळवायचं? दर वर्षीचंच आहे."

"दर वर्षी ती समोर राहायची, वैजू. आता त्यांचं घर वेगळं झालंय."

वैजयंतीनं खोक्याला लाल रिबीन बांधली, वर तिचंच फूल केलं आणि ती साडी बदलायला आत गेली.

वाशीच्या त्या वसाहतीत तिला नावानं फार थोडे लोक ओळखत. सगळ्यांची ती केकवाली काकू. लग्नाआधी दादरला एका बाईंच्या क्लासमध्ये ती हौसेनं शिकली होती, आणि वाशीला आल्यावर मधुकरनं तिला विजेवर चालणारा गोल ओव्हन आणून दिला होता. तेव्हा वाशीत इमारती नव्या आणि दुकानं मोजकी. कुणाच्या घरी वाढदिवस आला की मुलं तिच्या दारात उभी. "काकू, मला इंजिन." "काकू, मला बाहुली, घेरदार फ्रॉकवाली." मधुकर महापेच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा, आणि ती घरी इंजिनाला बिस्किटांची चाकं लावायची. दोघांना मूल नव्हतं. सुरुवातीला डॉक्टर झाले, नवस झाले, मग दोघांनीही तो विषय काढायचा सोडून दिला.

समोरच्या घरात सुधीर आणि त्याची बायको सुचित्रा राहायला आले ते कडेवर मीनाला घेऊनच. मीनाच्या पहिल्या वाढदिवसाला वैजयंतीनं ससा केला. सुचित्रानं सशाचे कान कापूच दिले नाहीत, किती दिवस ते तसेच फ्रिजमध्ये ठेवले होते! दुसऱ्या वाढदिवसाला सुचित्रा नव्हती. कावीळ झाली, अंगावर काढली, आणि हॉस्पिटलात नेली तेव्हा फार उशीर झाला होता. सुधीरची तुर्भ्याच्या कंपनीत पाळ्यांची नोकरी. नातेवाईक तेराव्यापर्यंत राहिले आणि मग आपापल्या गावी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुधीर मीनाला घेऊन दारात उभा राहिला. खांद्याला कामावरच्या डब्याची पिशवी होती.

"द्या इकडे तिला," वैजयंती म्हणाली.

त्या दिवसापासून मीना तिच्याकडेच वाढली. तिचं न्हाणं, जेवण, गोवर, बालवाडीतला पहिल्या दिवसाचा हंबरडा, सगळं वैजयंतीनं काढलं. पाळी संपली की सुधीर यायचा आणि झोपाळलेली पोर खांद्यावर टाकून समोरच्या दारातून आत न्यायचा. ते दार लागेपर्यंत वैजयंती उंबऱ्यात उभी राहायची.

बोलायला लागल्यावर एकदा मीनानं तिला "आई" म्हणून हाक मारली. वैजयंतीच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मग ती खाली बसली आणि म्हणाली, "आई फोटोत आहे ना? मी काकू. म्हण बघू, काकू." मीना म्हणाली, "काकू." पुन्हा कधी तिची चूक झाली नाही.

खाडीकडच्या गावातून पुतळा नावाची बाई अंडी घेऊन यायची. टोपली उतरवून जिन्यात बसायची, पोरीचे लाड बघायची आणि मान हलवायची.

"लई जीव लावलास गो बाय. लोकाची पोर हाय ती. उद्या बापुस दुसरी बायको करील, पोरीला घेऊन जाईल. मंग तू काय करशील?"

"करू दे की," वैजयंती म्हणायची. "त्याचं वय तरी काय आहे?"

आणि ते ती मनापासून म्हणायची. सुधीरसाठी जयमालाचं स्थळ आलं तेव्हा "मुलगी समजूतदार वाटते" असं सांगणारी तीच होती. लग्नाच्या केकवर साखरेची मोगऱ्याची फुलंही तिनंच केली. फक्त ऐरोलीत सिडकोचं नवं घर लागलंय आणि सगळे तिकडे जाणार आहेत, हे सुधीरनं सांगितलं, तेव्हा ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

टेम्पोत सामान चढत होतं तेव्हा मीना तिच्या पदराशी खेळत म्हणाली होती, "काकू, माझ्या वाढदिवसाला कोंबडी कर हां. आणि तिची पिल्लं. खूप!"

ठाण्याच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. खोका मांडीवर, दोन्ही हात त्याच्याभोवती. रस्ताभर कारखान्यांची धुराडी, रासायनिक वास, ट्रकांच्या रांगा. गाडी खड्ड्यात आपटली की ती खोका मांडीवरून अलगद वर उचलायची. कंडक्टर म्हणाला, "बाई, वर ठेवा ना ते."

"नको. मोडेल."

ऐरोलीला उतरून विचारत विचारत ती घराशी पोहोचली. दारावर रंगीत कागदांची तोरणं लावलेली होती. आत पोरांचा कल्ला. मीनानं तिला पाहिलं आणि धावत येऊन कमरेला मिठी मारली. किती उंच झाली होती! केसांच्या दोन वेण्या, कुणीतरी मन लावून घातलेल्या.

"काकू, काकू, चल ना आत! आईनं केक केलाय! कुकरमध्ये! खाली वाळू घालून!"

टेबलावर स्टीलच्या ताटात केक होता. मध्ये खचलेला, एका बाजूनं करपलेला. करपलेली बाजू तासून काढली होती, म्हणून तो थोडा वाकडा दिसत होता. वर साय आणि साखर फेटून लावलेली, आणि जॅमनं नाव लिहिलेलं. 'ना' मावला नव्हता, तो खाली घसरला होता.

जयमाला आतून पदराला हात पुसत आली. मनगटावर भाजल्याचा ताजा डाग. तिची नजर वैजयंतीच्या हातातल्या खोक्यावर गेली, मग रिबिनीच्या फुलावर, आणि चेहरा एकदम उतरला.

"ताई, तुम्ही... मला माहीत असतं तर मी हा घाट घातला नसता. ही सारखी म्हणायची, काकूंचा केक, काकूंचा केक. म्हटलं, एकदा आपणही करून बघावं."

"काकू, त्यात माझी कोंबडी आहे?" मीना खोक्याच्या रिबिनीला हात घालत म्हणाली. "दाखव ना!"

खोलीतली सगळी पोरं खोक्याभोवती जमली. सुधीर स्टूल घेऊन येत होता, तो दारातच थांबला.

वैजयंतीनं खोका थोडा वर उचलला.

"अगं, हा तुझा नाही," ती म्हणाली. "ही ऑर्डर आहे. इथंच पलीकडे द्यायचीय. म्हटलं, जाता जाता आमच्या मीनाला बघून जावं."

"मग माझी कोंबडी?"

"तुझा केक हा काय इथं आहे. आईनं केलेला. तो सोडून काकूचा कशाला हवा?"

मीनाचा चेहरा क्षणभर पडला. तेवढ्यात कुणीतरी फुगा फोडला, आणि ती तिकडे धावली.

मेणबत्त्या लागल्या, टाळ्या झाल्या. मीनानं पहिला तुकडा जयमालाच्या तोंडात घातला, दुसरा बापाच्या, तिसरा वैजयंतीच्या. मध्ये तो कच्चा राहिला होता, टाळूला चिकटत होता. वैजयंतीनं बशीतलासुद्धा सगळा संपवला.

"खरं सांगा, कसा झालाय?" जयमालानं हळूच विचारलं.

"चव छान आहे. मधे झाकण उघडलं होतं का?"

"दोनदा. राहवेचना मला."

"एवढंच. पुढच्या वर्षी उघडू नका, फुलेल."

निघताना जयमाला जिन्याखालपर्यंत पोचवायला आली. "कुणाकडे द्यायचाय केक? यांना देते सोबतीला."

"नको, जवळच आहे."

जयमाला तिच्याकडे बघत राहिली. मग वाकली आणि तिच्या पाया पडली. उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते. "ताई, माझ्या हातून तिचं कमी-जास्त झालं तर रागवायला या."

"कमी काही होत नाहीये," वैजयंती म्हणाली. "वेण्या बघितल्या मी."

पलीकडच्या इमारतीपर्यंत ती उगाचच चालत गेली. जयमाला अजून उभी असेल तर तिला दिसावं म्हणून. मग वळसा घालून ती हमरस्त्यावर आली आणि वाशीकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहू लागली.

घरी मधुकरनं दार उघडलं. त्यानं खोका पाहिला, तिच्या हातातून घेतला, टेबलावर ठेवला आणि रिबीन सोडली. एवढ्या हेलकाव्यांत एक पिल्लू तेवढं कलंडलं होतं.

"घरी नव्हते का?"

"होते. सगळे होते. मीना उंच झालीय."

त्यानं कलंडलेलं पिल्लू बोटानं सरळ केलं. मग म्हणाला, "चहा टाकू?"

"खालच्या पोरांना हाका मारा आधी," वैजयंती म्हणाली. "हे उद्यापर्यंत ताजं राहायचं नाही."

पोरं धडाधड जिना चढून आली. "काकू, कोणाचा हॅपी बड्डे हाय?"

"कोणाचा नाही. खा तुम्ही."

आधी पिल्लं गेली. मग तिनं गरम पाण्यात सुरी बुडवून कोंबडीचे सरळ, एकसारखे तुकडे केले आणि प्रत्येकाच्या हातावर ठेवले. एका मुलीनं बोटानं गुलाबी 'मी' चाटून पाहिला. दुसरीनं 'ना' पुसून घेतला. ओठांना पिवळं आयसिंग माखलेली ती पोरं ओरडत खाली पळाली, आणि घर शांत झालं.

केकखालच्या लाकडी फळीवर चिकटलेलं हिरवं खोबरं वैजयंतीनं चमच्यानं खरवडलं. फळीला गुंडाळलेला चांदीचा कागद सोलून काढला, फळी मोरीत नेऊन धुतली, कोरड्या फडक्यानं दोन्ही बाजूंनी पुसली आणि वाळायला भिंतीशी उभी करून ठेवली. मधुकर चहाचे दोन कप घेऊन आला, तेव्हा ती पुसलेली फळीच पुन्हा पुसत होती.