सहाशे चाळीस वारांवरचे हरीण

मित्रांनो, दुर्बीण म्हटले की तुम्हाला चंद्र आणि तारे आठवतात. माझा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. मी बंदुकीवर बसवायची एक जुनी दुर्बीण आहे. वीतभराहून थोडी लांब नळी, दोन्ही टोकांना काचा आणि आत एकमेकींना छेदून फुली करणाऱ्या दोन बारीक तारा, एवढाच माझा संसार. लांबची वस्तू मी चौपट मोठी दाखवते. हे पट कमीजास्त करायला माझ्या अंगावर चक्र नाही. म्हणून हल्लीची माणसे मला हातात घेतात आणि विचारतात, "एवढंच?" या 'एवढंच'चा मला भयंकर राग आहे.

ज्या कारखान्यात मी जन्मले, तिथल्या कारागिराने माझी काच सात वेळा परत पाठवली आणि आठव्या वेळी "चालेल" म्हणाला. त्यानंतर एवढे कौतुक माझ्या वाट्याला फारसे आले नाही. अमेरिकेत मोंटानातल्या हार्लन क्विस्टने मला विकत घेतले, तो काही कौतुक करणाऱ्यांतला नव्हता. तो शाळेची बस चालवायचा. वर्षभर पोरांवर "खाली बसा रे!" म्हणून ओरडायचा आणि शरद ऋतू आला की एका हरणासाठी मला घेऊन डोंगरात शिरायचा. त्या हरणाच्या मांसावर घरचा हिवाळा निघे. त्याचा एक नियम होता. दोनशे वारांच्या पुढे चाप ओढायचा नाही. जखमी हरीण रानात तडफडत सोडण्याएवढे मोठे पाप त्याच्या लेखी दुसरे नव्हते. "जवळ जाता येत नसेल तर घरी जावं," असे तो म्हणायचा. एकतीस वर्षे आमचे असे सुरळीत चालले होते.

आमच्या डोंगराच्या वरच्या अंगाला मोठ्या शिंगांचे नर राहतात. तिथे कुणीही जाऊन शिकार करू शकत नाही, परवान्याची सोडत निघते. हार्लनने सोळा वर्षे न चुकता अर्ज केला आणि त्र्याहत्तराव्या वर्षी त्याचे नाव निघाले. तोवर त्याचे दोन्ही गुडघे गेले होते. चणे मिळाले तेव्हा दात नव्हते, दुसरे काय! ही आपली शेवटचीच शिकार, हे त्याला कळून चुकले होते.

आणि इथेच त्याच्या जावयाने, किपने, लगाम हातात घेतला.

"हार्लन, तुम्हाला चढायची गरजच काय? अलीकडच्या डोंगरावर पडून राहायचं आणि पलीकडचं हरीण टिपायचं. सहाशे वार, सातशे वार. हल्ली पोरंसोरं मारतात!"

"पोरांचे गुडघे चांगले असतात. त्यांना जवळ जायला काय होतं?" हार्लन म्हणाला.

"जुन्या गोष्टी सोडा हो. फक्त दुर्बीण बदलायची. ही चौपट म्हणजे अगदीच..."

महिनाभर त्या घरात दुसरा विषय नव्हता. टेबलावर माहितीपत्रकांचा ढीग पडला. अठरापट की चोवीसपट, काच एवढी मोठी की तेवढी, आत फुली हवी की ठिपक्यांची रांगोळी! किपने आयुष्यात शंभर वारांच्या पुढचे हरीण मारले नव्हते, पण बोलायला काय जाते? शेवटी हार्लनची मुलगी रोंडा हातात बटाट्यांचे भांडे घेऊन म्हणाली, "या जेवायच्या टेबलावर कधी जेवण येऊ द्याल का?" मला कपाळ असते तर मी हात मारून घेतला असता. पण मला कपाळही नाही आणि हातही नाही.

दुकानात तर कहर झाला. किपने एकेक दुर्बीण डोळ्याला लावून भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या अस्वलाच्या नाकपुड्या पाहिल्या आणि प्रत्येक वेळी "वा!" म्हणाला. अरे बाबा, दुकानाच्या लखलखाटात कुठलीही काच चांगलीच दिसते! दुकानाची मालकीण थेल्मा म्हातारी होती, पण शहाणी होती. दिवस मावळेपर्यंत तिने दोघांना थांबवून घेतले आणि मग रस्त्यावर आणले.

"पाटीवरची अक्षरं वाचू नकोस, किप. त्या कुंपणाखालची सावली बघ. हरीण सावलीत उभं राहतं, पाटीवर नाही." मग ती हार्लनकडे वळली. "तू सांग. जमिनीवर बसून, कशाचा टेकू न घेता, कागदी ताटलीवर पाचांतल्या पाच गोळ्या कुठून लावतोस?"

"दीडशे वार. वारा पडला असेल तर दोनशे."

"मग तुला दुर्बीण दोनशे वारांचीच हवी."

"पण चांगल्या दुर्बिणीनं माणूस सुधारतो ना!" किप म्हणाला.

"चष्म्यानं वाचता येतं, पोरा. अक्कल येत नाही."

एवढे स्पष्ट ऐकूनही किपने चोवीसपटवालीच घेतली! चक्र फिरवले की चारपासून चोवीसपटीपर्यंत दाखवणारी, अंतराप्रमाणे नेम जुळवायचे दुसरे चक्र वर बसवलेली, मुसळासारखी जाड. सासऱ्याला त्याने ती भेट दिली, म्हणून हार्लनला नाही म्हणता येईना. मला बंदुकीवरून उतरवून एका लोकरीच्या मोज्यात कोंबण्यात आले. एकतीस वर्षांच्या चाकरीचे हे बक्षीस!

तरीही डोंगरावर निघताना हार्लनने मला मोज्यातून काढून कोटाच्या छातीच्या खिशात टाकले. का, ते त्याने सांगितले नाही. सवय असेल.

हंगामाचा शेवटचा दिवस होता. पाइनच्या झाडांखाली बर्फावर दोघे पालथे पडले होते. खिशातून मला काही दिसत नव्हते, दिसण्याचे जे सांगते ते नंतर घरी ऐकलेले. फक्त ऐकू येत होते, आणि कोटाच्या आतून हार्लनच्या छातीचे ठोके जाणवत होते.

"बापरे, शिंगं बघा शिंगं!" किप कुजबुजला. त्याने यंत्राने अंतर मोजले. "सहाशे चाळीस. अंतराचं चक्र लावून दिलंय मी. मारा."

ठोके वाढले. गोळी सुटली नाही.

"मारा ना!"

"हलतंय."

"कुठं हलतंय? दगडासारखं उभंय ते."

"हरीण नाही रे. मी हलतोय. ठोक्याठोक्याला फुली खांद्यावरून पोटावर जाते आणि परत येते."

"सगळ्यांचीच जाते! मधे आली की ओढा."

"तो जुगार झाला."

"सोळा वर्षं, हार्लन! सोळा वर्षं!"

"मला माहितीय. अर्ज मीच भरत होतो."

हार्लन उठून बसला आणि बंदुकीतली गोळी काढून घेतली. मग ते ओढ्याच्या पात्रातून, दगडांना धरत, कण्हत, पलीकडच्या डोंगराकडे निघाले. या प्रवासाला अडीच तास लागले. वाटेत एका दगडावर बसून गुडघे चोळताना तो म्हणाला, "एकदा मारली होती मी, तीनशे वारांवरून. फुली अगदी शांत वाटली होती. पोटात लागली. तीन दिवस रक्ताचे थेंब शोधत फिरलो, किप. सापडलं नाही ते. त्या वर्षी आम्ही डबाबंद मासे खाल्ले."

किपने त्याला हात देऊन उठवले.

मोठा नर अर्थातच त्यांची वाट पाहत थांबला नव्हता. झुडपांत एक लहानसा नर चरत होता. एकशे चाळीस वार. हार्लन खाली बसला. त्याने अंतराचे चक्र शून्यावर आणले, मोठे करायचे चक्र फिरवून चारवर आणले, आणि एकाच गोळीत हरीण जागच्या जागी कोसळले.

"चोवीसपटवाली दुर्बीण, आणि चारवर?" किपने डोके धरले. "आणि हे एवढंसं? असं तर खालच्या रानात सोडतीशिवाय मिळतं!"

"मऊ लागतं," हार्लन म्हणाला.

गावाने त्याची यथेच्छ टिंगल केली. त्याने ती ऐकून घेतली आणि मांस खाल्ले.

मित्रांनो, आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. आल्यागेल्याला हार्लन माझ्यातून पाखरे दाखवतो. चारवर मारले, म्हणजे मीच बरोबर होते, असे म्हणून मिरवायला मला कुणाची हरकत नव्हती. पण त्या दगडावरचे हार्लनचे बोलणे मी खिशातून ऐकले आहे. तीनशे वारांवरच्या त्या दिवशी बंदुकीवर मीच होते. फुली तेव्हाही हलत होती. मी ते हलणे एवढे लहान दाखवले की त्याला फुली शांत वाटली, आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. ज्या मुसळाचा मी इतका राग केला, त्याने पहिल्याच दिवशी हार्लनला खरे सांगितले.

म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवते. काचा मऊ फडक्याने पुसा, आम्हाला ओलीत टाकू नका, पट मोजत दुकाने पालथी घालू नका. आणि काच कुठलीही घ्या, पण तिच्यातून हरणाआधी स्वतःचा हात पाहा. तो थरथरत असेल तर उठा आणि जवळ जा. जाता आले नाही, तर हरीण तिथेच राहू द्या.