मोगरा, सुकट आणि गुरुवारची सुई

आमच्या खोलीत मला विचारल्याशिवाय काही ठरत नसे, आणि ते योग्यच होतं असं माझं मत होतं. साल एकोणीसशे पंच्याऐंशी. अल रय्यानला कंपनीने दिलेल्या घरात आम्ही तिघं राहायचो. मी रंगनाथ, कराडकडचा, एसी मेकॅनिक. जालिंदर, बार्शीचा सुतार. आणि उस्मान, खेडचा ड्रायव्हर. तिघांत जुना मी, कतारला येऊन नऊ वर्षं झालेली. कुठला फॉर्म कुठल्या खिडकीवर द्यायचा इथपासून भेंडी कुणाकडची घ्यायची इथपर्यंत सगळं मी सांगायचो. न विचारताही सांगतो असं जालिंदर म्हणे, पण त्याला कौतुक कशाचंच नव्हतं.

घरात आणखी दोन जीव होते, ते म्हणजे ससे. उस्मान ज्या इंग्रज इंजिनियरची गाडी चालवायचा, तो मायदेशी परतला तेव्हा त्याच्या बायकोने पिंजऱ्यासकट ते उस्मानच्या हवाली केले. उस्मानने ही हकिगत कॅसेटवर भरून गावी पाठवली. पत्र लिहीत बसण्यापेक्षा टेपरेकॉर्डरसमोर बोलायचं आणि रजेवर निघालेल्याच्या बॅगेत कॅसेट सरकवायची, ही तेव्हा आमच्यातली रीत. उत्तरही तसंच, परतणाऱ्या माणसाबरोबर यायचं. त्या उत्तरात उस्मानच्या लेकीने, नूरीने, सशांची नावं ठेवून पाठवली. पांढरा तो मोगरा, तपकिरी ती सुकट.

नूरी सात वर्षांची. ती दहा महिन्यांची असताना उस्मान इकडे आला. नंतर दोनदा रजेवर गेला, तेव्हा ती त्याला पाहून आईमागे लपली. ससे येण्याआधीच्या कॅसेटींत त्याची बायको रबिया पोरीला पुढे ढकलायची आणि पोरगी सलाम ठोकून पळायची. ससे आले आणि कॅसेटची अर्धी बाजू नूरीची झाली. मोगरा काय खातो, सुकट कुठे झोपते, दात केवढे आहेत. मागून रबियाचा आवाज यायचा, अब्बांचं विचार की. नूरी म्हणायची, विचारलं ना, सशांचं. आम्ही हसायचो. उस्मानही हसायचा, पण तेवढी जागा तो पुन्हा लावत नसे.

आता त्याचा फॅमिली व्हिसा मंजूर झाला होता. दिवाळीच्या सुट्टीत मायलेकी येणार होत्या. तोवर सशांना काही झालं तर लेकीशी बोलायचं कशावर, ही त्याची खरी धास्ती. त्याने ती आम्हाला सांगितलीही होती, भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

सप्टेंबरात तो सशांची नखं कापायला जनावरांच्या डॉक्टरकडे गेला आणि नवीनच घोर घेऊन आला. डॉक्टर महमूद सुदानचे, बोलायला गोड. त्यांनी सांगितलं की युरोपात सशांचा एक रोग आहे. डोळे सुजतात, ससा खाणं सोडतो आणि बहुतेक मरतोच. डास आणि पिसवा तो पसरवतात. इथे त्यांनी अजून पाहिलेला नाही, पण विमानातून नवे ससे येत राहतात, तेव्हा इंग्रज कुटुंबांनी लस मागवली आहे. एका बाटलीत दहा ससे होतात, आणि बाटली एकदा फोडली की त्याच दिवशी संपवावी लागते. गुरुवारी फोडणार. आठ ससे ठरलेत, दोघांची जागा आहे, बुधवारी पाचपर्यंत कळवा. रोगाचं लांबलचक नाव उस्मानला आठवेना. आम्ही त्याला डोळेसुजी म्हणून मोकळे झालो.

सोमवारी जेवताना सभा भरली. जालिंदरचा सुईला साफ विरोध. त्याच्या आईच्या कोंबड्यांना सरकारी माणसाने सुया टोचल्या आणि दुसऱ्या दिवशी तीन कोंबड्या आडव्या. त्या आधीच आजारी असतील, असं मी म्हणालो, तर त्याने माझ्या ताटातला कांदा उचलून खाल्ला. उस्मान मधल्यामध्ये अडकला होता. टोचल्यावर एखादा ससा दोन दिवस मलूल होतो, क्वचित दगावतोही, हे डॉक्टरांनी लपवलं नव्हतं. आपल्याच हाताने नेऊन मारला तर? आणि नाही नेलं, अन् रोग आला तर? शेवटी त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही त्याच क्षणाची वाट पाहत होतो.

मी घसा साफ केला. ससे घराबाहेर जातात का? नाही. खिडकी उघडते का? नाही. एसी अष्टौप्रहर चालू, आणि तो बसवलाय कुणी? मी. इथे आत यायचं तर डासालासुद्धा व्हिसा काढावा लागेल. वर मी स्वतःचा दाखला दिला. शहात्तर साली निघताना कॉलऱ्याची सुई घेऊन लसीच्या पिवळ्या पुस्तकात शिक्का आणायचा होता. रांग लांब होती, कंपाउंडर दयाळू होता, त्याने नुसताच शिक्का मारला. नऊ वर्षांत मला साधी सर्दी नाही. ही शेवटची गोष्ट खोटी होती, पण भाषण रंगात आलं होतं.

"मग नको म्हनतोस?" उस्मानने विचारलं.

"खलास," मी म्हणालो, आणि हात धुवायला उठलो.

बुधवारी मला दुपारून सुट्टी होती. अख्ख्या गल्लीचे एसी मी साफ करायचो, फक्त आमचाच राहून जायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या दिवशी मुहूर्त लागला. जाळी धुतली आणि पाणी नीट टपकतंय का ते पाहायला घरामागे गेलो.

खिडकीखाली तुपाचा रिकामा डबा होता. तो ठेवण्याची अक्कल माझीच. एसीचं पाणी बिनक्षाराचं असतं, गाडीच्या बॅटरीला चालतं, विकत आणायला नको. उस्मानच्या गाडीसाठी मी ही युक्ती काढली आणि मग गल्लीभर शिकवली. दहा घरांमागे दहा डबे होते. पण ऑगस्टमध्ये कंपनीने उस्मानला नवीकोरी गाडी दिली, तिच्या बॅटरीला पाणी लागत नव्हतं, आणि आमचा डबा कुणी हलवलाच नव्हता. दमट हवेने तो काठोकाठ भरला होता. मी वाकून पाहिलं. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. दहा-वीस नव्हेत, डबाभर.

मग मी वर पाहिलं. एसी आणि भिंत यांच्यातल्या फटीत मी स्पंज कोंबला होता, तो उन्हाने वाळून केव्हाच गळून पडला होता. बोट लावलं तर आतून गार हवा येत होती. जिथून हवा बाहेर येते तिथून काय आत जातं, हे मेकॅनिकला कुणी शिकवायला नको.

खरं सांगतो, पहिला विचार मनात आला तो गप्प बसण्याचा. डबा मी वाळूत उपडा केला, फटीत फडकं ठासलं, हात धुतले. झालं, कुणाला कळणार होतं? घरात आलो तर मोगरा पिंजऱ्यात कान उभारून बसला होता, आणि त्याच्या कानाच्या आतल्या गुलाबी भागावर एक डास निवांत बसला होता. मी हात घालून तो मारला. मोगराने रागाने पाय आपटला. माझ्या तळहातावर रक्ताचा ठिपका उमटला होता.

त्या डासाला रोग नसेलही. बहुधा नसणारच. पण सोमवारचं माझं सगळं भाषण मला आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. घड्याळात साडेचार झाले होते. उस्मान नव्या साहेबाला घेऊन अल खोरला गेला होता, दिवेलागणीला येणार. मी चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात पळालो आणि डॉक्टरांना फोन केला. जागा धरून ठेवा म्हणालो, मालक रात्री ठरवेल, नाही म्हणाला तर सकाळी उघडताक्षणी कळवतो. डॉक्टर इन्शाल्ला म्हणाले.

उस्मान आला, त्याने नमाज उरकली, आणि मी चहासुद्धा न देता सांगून टाकलं.

"उस्मान, तुझ्या सशांच्या खिडकीखाली मी डास पाळत होतो."

डबा, फट, कानावरचा डास, सगळं सांगितलं. गुपचूप पाणी ओतलं तेही सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं.

"रंगनाथ, मना दोन दिस झोप नाय," तो म्हणाला. "तू नको म्हनलास, म्हनून मी गप रव्हलो. पन भीती काय गेली नाय."

नऊ वर्षं मी लोकांना सल्ले देत आलो, आणि ते घेऊन उठलेल्या माणसाच्या तोंडाकडे कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, या वेळी तू ठरव, मी काही बोलणार नाही. त्याने बराच वेळ सुकटच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग टोचूया म्हणाला. जालिंदर कोंबड्यांबद्दल पुटपुटला, पण रात्रीतून सशांना न्यायला भोकं पाडलेली लाकडी पेटी त्यानेच केली.

गुरुवारी दवाखान्यात गोऱ्या मडमा टोपल्या घेऊन बसल्या होत्या, त्यांत आम्ही तिघं. मोगराने सुई मुकाट्याने घेतली. सुकटने मात्र उस्मानचा हात मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडून काढला. उस्मानने तिला सोडलं नाही. डॉक्टरांनी नंतर त्याच्या हाताला औषध लावलं.

पुढचे दोन दिवस सुकट एका जागी बसून होती. खाईना, पिईना. जालिंदर येता-जाता पिंजऱ्यात डोकावायचा. उस्मान चमच्याने पाणी पाजत बसला. मी एका शब्दाचाही सल्ला दिला नाही, आयुष्यातला विक्रमच तो. रविवारी पहाटे करकर आवाज आला म्हणून पाहिलं, तर सुकट कोथिंबीर संपवून पिंजऱ्यावर ठेवलेला माझा रजेचा फॉर्म ओढून खात होती. फॉर्म दुसरा मिळतो. मी तो पूर्ण खाऊ दिला.

त्याच संध्याकाळी उस्मानने कॅसेट भरली. सगळं ठीक आहे, दोघं मजेत आहेत, एवढंच तो म्हणाला. जालिंदरला राहवलं नाही. त्याने मध्येच तोंड घालून सुई, ओरबाडलेला हात, चमच्याने पाजलेलं पाणी, सगळं सांगून टाकलं. पोर घाबरेल, पुसून टाक, असं उस्मान म्हणत होता. पण रजेवर चिपळूणला निघालेला वली दारात उभा होता, त्याने तशीच कॅसेट खिशात घातली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आम्ही तिघंही टेपरेकॉर्डरभोवती बसलो. नूरीने नेहमीसारखी सुरुवात केली. मोगरा बरा आहे का, सुकट आता जेवते का, परत सुई आहे का. मग थोडा वेळ नुसती टेपची खरखर. मागून रबियाने काही सुचवलं नाही, मी कान देऊन ऐकत होतो.

"अब्बा, तुमचा हात अजून दुकतो काय?"

उस्मानने बाही वर सारली आणि हाताकडे पाहिलं. ओरखडे कधीच भरून गेले होते.

"नाय गो बाय," तो टेपरेकॉर्डरला म्हणाला, "बरा झाला."

नूरी पुढे बोलतच होती, येताना काय काय आणणार ते सांगत होती. त्यातलं त्याने काही ऐकलं नाही.