ताज्या चीजचा फ्रीको

१९५३ साली उत्तर इटलीच्या डोंगरातल्या, कार्नियातल्या आमच्या गावातून तरणी माणसं बेल्जियमच्या कोळशाच्या खाणींत निघाली होती. माझा नवरा आल्चीदे ईस्टर झाल्यावर जाणार होता आणि मला त्याच्याबरोबर जायचं होतं. लग्नाला जेमतेम पाच महिने झालेले.

सासूबाई म्हणाल्या, "जा की. आधी एक धड फ्रीको करून दाखव. जिला फ्रीको उलटता येत नाही, ती परमुलखात कसला संसार करणार?"

मला हसू आलं. माहेरी मी दहाव्या वर्षापासून फ्रीको करत होते. बटाटा किसायचा, चीज किसायचं, लोखंडी तव्यात मंद आचेवर जमू द्यायचं, ताटली झाकून एका झटक्यात उलटायचं. त्यात काय!

पहिल्या रविवारी ताटलीत लगदा उतरला. दुसऱ्या रविवारीही तेच. चीज नुसतं ताणत होतं, कड धरत नव्हतं.

"आच वाढव," सासूबाई म्हणायच्या. वाढवली की, "जाळतेस का आता?"

चुलतसासरे टीटेकाका टेबलाशी बसून हसायचे. "असू दे गं सूनबाई, चमच्यानं वाढ. आम्हां म्हाताऱ्यांच्या दातांना बरं."

त्या तव्यानंच एकेकाचं डोकं फोडावं असं वाटायचं.

चीजच्या तळघराची किल्ली सासूबाईंच्या कमरेला असे. तुकडा त्याच कापून, साल काढून हातात द्यायच्या. हाताला मऊ लागायचा, पण सासूनं दिलेल्या चीजवर शंका कोण घेणार? तिसऱ्या रविवारी मात्र घाईत सालीची एक पट्टी राहून गेली. गावाच्या दूधघरात सगळ्यांच्या दुधाचं चीज पाळीपाळीनं एकेका घरासाठी करत आणि चीजच्या गोल चाकावर पाळीची तारीख कोरत. या पट्टीवर आमच्या फेब्रुवारीतल्या पाळीची तारीख होती. चीज तीन आठवड्यांचंसुद्धा नव्हतं! निम्मं जुनं असल्याशिवाय फ्रीको जमत नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

"आई, याचा फ्रीको तुमच्याच्यानंही व्हायचा नाही."

काकांचा घास तोंडाशीच थांबला. "ओनोरीना! तीन आठवडे मला मुद्दाम लगदा चारलास?"

"तुला काय धाड भरली? आयतं तर मिळतंय." मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "आल्चीदे जाणारच. तूही गेलीस, तर मी काय या टीटेच्या तोंडाकडे बघत बसू?"

"मग तसं तोंडानं सांगायचं होतं! किती बटाटे किसले मी, आई!"

"बटाटे घरचेच होते."

मी किल्लीसाठी हात पुढे केला. बऱ्याच वेळानं त्यांनी किल्ली सोडून दिली. मी गेल्या ऑगस्टच्या चाकातला तुकडा कापून आणला. फ्रीको एका झटक्यात उलटला, अख्खा, सोनेरी.

सासूबाईंनी घास घेतला. "मीठ कमी आहे," म्हणाल्या.

ईस्टरनंतरच्या मंगळवारी मी आल्चीदेबरोबर गाडीत बसले. टीटेकाका चार वर्षांनी गेले. तोवर ते आणि सासूबाई रोज भांडत, आणि ते भांडण पत्रातून आमच्यापर्यंत पोचत असे. खाणीनं आल्चीदेची छाती पोखरली. अकरा वर्षांनी आम्ही परतलो, आणि एकाहत्तर साली तो गेला. दूधघर बंद पडलं.

सासूबाई ब्याण्णव वर्षं जगल्या. शेवटची दोन वर्षं मीच त्यांना भरवत होते. आणि रोज काय मागायच्या? फ्रीको. तोही ताज्या चीजचा, मऊ लगदा. दात नव्हते ना! मी चरफडत बटाटे किसायचे.