पोकळीचं वजन

ताईंचं गणित चुकेल, असं त्यांच्या भावजयीला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दोघी एकाच विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवायच्या, एकाच टेबलावर जेवायच्या आणि तिथंच विश्वाच्या पोकळीवरून भांडायच्या. ताईंचा भाऊ बिचारा दोघींच्या मध्ये मुकाट जेवायचा.

रिकाम्या जागेतही ऊर्जा असते आणि ती विश्वाला ताणते. पण ती किती, हे सिद्धांताला विचारावं, तर तो मोजमापाच्या इतक्या पट सांगतो की शून्यं लिहितानाच माणूस दमावा. ताईंनी अवकाशाचेच बारीक कण कल्पून एक मॉडेल रचलं होतं. त्यातून नेमका मोजलेला आकडा निघायचा. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली होती, आणि आता ते मांडायला भली मोठी सभा भरणार होती.

भावजय नेहमीसारखी वाद घालायला म्हणून खोड काढायला बसली होती. ती खरंच सापडली. कणांचा आकार ताईंनी एका जुन्या शोधनिबंधातून घेतला होता, आणि त्या निबंधानं तो विश्वाच्या मोजलेल्या प्रसरणावरूनच काढला होता. म्हणजे उत्तर आधीपासूनच गणिताच्या पोटात होतं. जिंकल्याचा आनंद व्हायचा, तर चूक आपलीच निघावी म्हणून ही हिशोब पुन्हा पुन्हा तपासत बसली. बोलावं तर ताईंच्या कष्टांवर पाणी, गप्प बसावं तर भर सभेत दुसरं कुणीतरी बोलणार.

सभेच्या दिवशी सकाळी तिनं सांगून टाकलं आणि हिशोबाचा कागद पुढे ठेवला. ताई भाजी चिरत होत्या. त्यांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, सुरी खाली ठेवली.

"भाषण पुढे ढकलू या का, ताई?"

"कशाला? लोक लांबून आलेत. भाजी तेवढी बघ." त्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

दुपारी त्यांनी फळ्यावर मॉडेल मांडलं, आकडा काढला. टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत ताई उभ्या राहिल्या, मग त्यांनी कणांच्या आकाराखाली रेघ ओढली.

"हा आकडा मी शोधला नाही. मीच तो इथं ठेवला होता आणि मलाच सापडला. माझ्या भावजयीनं आज ही चूक पकडली. आता यातलं काय उरतं ते बघू."

उरलं ते फारच थोडं होतं. तेही त्यांनी आवाज जराही कापू न देता, नीट समजावून सांगितलं. मागच्या रांगेत भावजयीचे डोळे भरून आले. एवढी मोठी बाई आपल्या घरात राहते, याचा तिला आज मनापासून अभिमान वाटला.

परतताना गाडीत ताईंनी काही कागद तिच्या मांडीवर ठेवले. सकाळी त्या दार लावून बसल्या होत्या, ते हे लिहायला.

"नव्यानं सुरू केलंय. या वेळी आकार उसना नाही. तपास."

"मी? अहो ताई, मला तर तुमचे कणच पटत नाहीत."

"म्हणूनच," ताई म्हणाल्या.