मुकादमाचं ओगराळं

"मी विष घालायचंच ठरवलं असतं ना, तर आधी तुला घातलं असतं. कुत्र्यावर कशाला वाया घालवू?" शेजारीण मागच्या भिंतीवरून मुंडी काढून म्हणाली.

"घालून बघायचं होतंस. तुझ्या शेजारात इतकी वर्षं काढली, विष पचवायची सवय झालीय मला."

तोंड शेजारणीशी चाललं होतं, पण डोळे खाली होते. नळाजवळ पोत्यावर मुकादम आडवा पडला होता. तोंडाला फेस आला होता. मागचे पाय आपोआप झटके देत होते, झोपेत धावावं तसे. माझी सून त्याचं डोकं मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने तोंड पुसत होती. पुसलं की पुन्हा फेस. मुलगा फोन कानाला लावून अंगणात येरझाऱ्या घालत होता. जनावरांचा डॉक्टर "निघालोय, निघालोय" म्हणत होता आणि येत नव्हता.

"रडू नकोस," मी सुनेला म्हटलं. "रडून फेस थांबत नाही. पाणी बदल."

तिने पाणी बदललं. रडणं काही थांबवलं नाही.

मुकादम म्हणजे आमचा कुत्रा. पिवळट अंगाचा, एक कान मोडका. नाव मीच ठेवलं. पिल्लू होता तेव्हापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कोण राबतंय आणि कोण उभ्या उभ्या गप्पा हाणतंय हे बघत बसायचा. काम कवडीचं नाही, तोरा मात्र साहेबाचा. मग दुसरं काय नाव ठेवणार?

आमची खानावळ आहे. इथे कुणी येऊन जेवत नाही, आम्ही दुपारचं जेवण डब्यांत भरून काचेच्या कारखान्यात पाठवतो. भट्टीपुढे उभी राहणारी माणसं ती. भूक मोठी आणि राग भुकेहून मोठा. मागे एकदा त्यांच्यातला एक जण डबा घेऊन थेट दारात आला. जेवण आंबलंय म्हणाला. मी वाद घातला नाही. त्याच्याच डब्यातलं ओगराळंभर मुकादमापुढे ओतलं. मुकादमाने वाटी चाटूनपुसून लख्ख केली आणि आणखी आहे का म्हणून त्या माणसाकडे बघून शेपूट हलवली. "याला कळतं, तुला नाही कळत," एवढंच मी म्हटलं. तो डबा घेऊन परत गेला आणि म्हणे रस्त्यातच संपवला.

त्या दिवसापासून घराची रीतच पडली. रस्सा चुलीवरून उतरला की पहिलं ओगराळं मुकादमाच्या वाटीत. त्याने खाल्लं की मग डब्यांची झाकणं लागायची, आधी नाही. सगळ्या कारखान्याला हे ठाऊक. नवा माणूस कामावर आला की ठेकेदार त्याला सांगायचा, "हिचं जेवण डोळे झाकून खा. आधी कुत्रा खातो, मग आपण." दुसऱ्या एखादीला हा अपमान वाटला असता. मला कधी वाटला नाही. माझ्या हाताची एवढी मोठी पावती माझ्या नवऱ्यानेसुद्धा कधी दिली नव्हती.

आणि आज ओगराळं वाटीत पडलं, वाटी मागच्या दाराशी गेली, आणि मी डबे भरून वळते न वळते तोच मुकादम कोसळला.

शेजारणीला नेमकं तेच बोचवायचं होतं. "पाहिलंय मी. वाटी ठेवली आणि कुत्रं पडलं. कारखान्यात मी सांगू का तू सांगतेस?"

"तू आधी उंदरांसाठी काय टाकून ठेवलंस ते सांग. रात्रंदिवस भुंकतो म्हणून बोटं मोडत होतीस ना त्याच्या नावाने?"

"मोडत होते. अजून मोडीन. पण माझ्याकडे उंदरांना पिंजरा आहे, औषध नाही. ये, आत येऊन बघून जा."

"तुझ्या घरात पाय ठेवण्याइतके वाईट दिवस अजून आले नाहीत माझे."

तेवढ्यात डॉक्टर आला. पोरगेलासा, डोक्यावरचं हेल्मेटही न काढता खाली बसला. पापणी उलटून पाहिली, हिरड्या दाबून पाहिल्या, सुई टोचली.

"काय खाल्लं होतं यानं, आजी?"

"आजी तुझ्या घरी. आम्ही खातो तेच खातो तो."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग सुनेकडे. "आणि पथ्य? पथ्य चालू होतं ना?"

सुनेने मान खाली घातली. हे मी पाहिलं, पण त्या क्षणी विचारायला सवड नव्हती. मुकादमाचे पाय थांबले होते. छाती एकदा वर आली, खाली गेली, आणि पुन्हा वर यायला विसरली. सून फडकं हातात धरून तशीच बसून राहिली.

"सुई उशिरा टोचलीस," मी डॉक्टरला म्हटलं.

"विष बरंच भिनलं होतं. खाण्यातूनच काहीतरी गेलंय असं दिसतंय. खराब मांस असू शकतं, कुणी टाकलेली उंदराची गोळी असू शकते. पोट उघडून तपासलं तर कळेल."

"उघडायचं नाही."

"मग नक्की सांगता येणार नाही."

"नको सांगूस. नीघ."

तो गेला. मुलाने मुकादमावर पोतं पांघरलं, थोडा वेळ उकिडवा बसला, मग उठून हात धुतले. आत ओट्यावर डब्यांची रांग उघडी पडली होती. भात भरून झाला होता, रस्सा भरून झाला होता, वाफ अजून निघत होती. दारात गाडी उभी.

"आई," तो हळूच म्हणाला, "उशीर होतोय. झाकणं लावू?"

"लाव."

"पण..."

"पण काय? माझ्या रश्शाने मेला तो? शेजारणीच्या अंगणातलं काहीतरी खाऊन मेला. आज डबे गेले नाहीत तर ती उद्या कारखान्याच्या फाटकावर उभी राहून बोंब मारील, की बाईचं जेवण कुत्र्याने खाल्लं आणि कुत्रा मेला. ठेकेदार काय, दुसरी खानावळ शोधायला टपूनच बसलाय. लाव झाकणं."

त्याने पहिलं झाकण उचललं आणि सून ओट्याला आडवी येऊन उभी राहिली. हात ओले, पदराला फेस लागलेला.

"नका लावू."

लग्न होऊन आली तेव्हापासून तिने मला "नका" म्हटलेलं मला आठवत नाही. माझ्या कपाळावर आठी चढली.

"बाजूला हो."

"आई, त्यानं आज रस्सा खाल्लाच नाही."

"माझ्या डोळ्यांदेखत ओगराळं ओतलं वाटीत."

"वाटीत ओतलं. तुमची पाठ वळली की मी वाटी बदलते. दोन वाट्या आहेत सारख्या." ती भराभर बोलत होती, मध्ये थांबली तर पुन्हा धीर होणार नाही अशी. "वर्ष होत आलं. त्याला तिखट सोसत नव्हतं, ओकायचा. डॉक्टर म्हणाले मूत्रपिंड गेलंय, मीठ नको, कांदा नको. मी त्याला वेगळं उकडून देत होते. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, माझ्या हातचं खाऊन कुणी आजारी पडत नाही."

मी तसं म्हटलं असतं, यात शंका नाही.

"आणि माझ्या ओगराळ्याचं काय करायचीस? मोरीत ओतायचीस?"

"नाही. मी खायचे. दुपारी, भातावर घेऊन."

वर्षभर मी त्या उंबऱ्याकडे पाहून मनात म्हणत होते, मुकादमाने पास केलं. आणि वर्षभर माझं जेवण बिनतपासणीचं जात होतं. आणि वर माझाच कुत्रा दुसरीच्या हातचं खात होता.

"आवडायचं का त्याला? तुझं उकडलेलं?"

"हो."

"चाटूनपुसून?"

ती पदराचा फेस पुसायला लागली. एवढी तरी अक्कल होती तिला.

मुलाचा चेहरा मात्र एकदम उजळला. "अगं मग झालं की! त्यानं आपला रस्सा खाल्लाच नाही, म्हणजे रस्सा स्वच्छ. उगाच घाबरवतेस सगळ्यांना."

"मी त्याला काय उकडून दिलं ते विचारा ना," सून म्हणाली. आता ती त्याच्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "काल संध्याकाळी खाटकाकडून कोंबडी आली, त्यातलेच चार तुकडे. पिशवी एकच होती. बाकीची सगळी या रश्शात आहे."

पातेल्याच्या तळाशी उरलेल्या रश्शातून अजून वाफ निघत होती.

"वास घेतला होतास?" मी विचारलं.

"घेतला होता. तुम्ही पण घेतलात. काही नव्हतं."

"मग काही नव्हतंच. माझं नाक अजून गेलेलं नाही. आणि हे एवढं खदखदून शिजलंय. काय राहणार आहे त्यात?"

"नसेलही," ती म्हणाली. "त्याचंही मी शिजवलंच होतं."

बघा, आवाज चढवून बोलली असती तर मी तिला आडवं घेतलं असतं. ती तशी बोललीच नाही.

"बास झालं," मुलगा वैतागला. "त्या भिंतीपलीकडच्या बाईनंच काहीतरी टाकलंय आणि तुम्ही इथे एकमेकींच्या झिंज्या ओढताय. थांबा, मीच खाऊन दाखवतो. मग तर झालं समाधान?"

खिडकीत सुनेची वाटी झाकून ठेवली होती, आजच्या ओगराळ्याची. त्याने ताटली काढली. रश्शावर तेलाचा लाल तवंग, मधोमध एक चांगला मांसल तुकडा. त्याने तो दोन बोटांनी उचलला आणि तोंड उघडलं.

मी ती वाटी उडवली. वाटी, तुकडा, रस्सा, सगळं. भिंतीवर शिंतोडे उडाले, वाटी गरगरत ओट्याखाली गेली. त्याच्या मनगटावर माझ्या पाच बोटांचे वळ उठले. एवढा मोठा बाप्या माणूस, मार खाल्लेल्या पोरासारखा माझ्याकडे बघायला लागला.

"आई?"

तोंडाने अजून "माझा रस्सा स्वच्छ आहे" असंच म्हटलं असतं. हाताने आधीच निकाल देऊन टाकला होता, आणि तो दोघांनीही पाहिला होता.

"गाडी काढ," मी म्हटलं. "रिकामीच ने. फाटकावर जाऊन सांग, आज जेवण नाही."

"फोन करतो ना. तिथे जाऊन काय..."

"फोन नाही. समोर उभा राहून सांग. भुकेली माणसं आहेत, शिव्या घालतील. ऐकून घे. कुत्रा का मेला विचारलं तर सांग, माहीत नाही. आणि येताना खाटकाकडे जा. त्या पिशवीतलं मांस आणखी कुणाच्या घरी गेलंय ते विचार आणि त्यांना सांग."

"ठेकेदार काम काढून घेईल."

"घेईल."

तो गेला. गाडी रिकामी असली की फार खडखडते.

अंगणात मागे मोरीचं पाणी जिरायला नवा खड्डा खणून ठेवला होता. सून आणि मी एकेक डबा नेऊन त्यात पालथा करत गेलो. पातेलं दोघींनी कडा धरून नेलं. पांढराशुभ्र मोकळा भात, त्यावर रस्सा, त्यावर पुन्हा भात. शेजारीण भिंतीवर हजर होतीच.

"टाकतेस? म्हणजे कबूल केलंस म्हणायचं."

"तुला काय म्हणायचंय ते म्हण. आणि कोंबड्या आवर तुझ्या. भिंत ओलांडून इकडे आल्या आणि एखादी उताणी पडली, तर त्याचंही खापर माझ्यावर फोडशील."

ती आणखी काहीतरी बोलणार होती. मग तिची नजर नळाजवळच्या पोत्याकडे गेली. मुंडी खाली झाली, आणि थोड्या वेळाने भिंतीपलीकडून कोंबड्यांना आत हाकलल्याचा आवाज आला. चांगली बाई आहे असं मी अजूनही म्हणणार नाही.

घरात कुदळ एकच. "आधी हा खड्डा बुजवू का?" सुनेने विचारलं.

"आधी त्याचं बघ. उन्हात पडलाय."

ती पलीकडच्या कोपऱ्यात मुकादमासाठी खणायला लागली. तिला खणता येत नाही, कुदळ वाकडी पडते. तरी तिलाच खणू दिलं. मी काठी घेऊन अन्नाच्या खड्ड्याशी उभी राहिले. कावळे आले, त्यांना उडवलं. कुंपणावर मांजर आली, तिला हाकललं.

मग फाटकाखालून एक भटकी कुत्री आत आली. नुकतीच व्यालेली, बरगड्या मोजाव्यात अशी, आचळं लोंबत होती. रश्शाचा वास चांगलाच सुटला होता, खोटं कशाला बोलू. तिने नाक वर केलं, खड्ड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहून शेपूट हलवायला लागली. मी काठी आपटली. ती दोन पावलं मागे सरली आणि तिथेच बसली, आता वाढतील, मग वाढतील, अशी.

मी वाकून दगड उचलला आणि तिला मारला. ती केकाटली, थोडी लांब गेली आणि पुन्हा वळून बसली. मी दुसरा दगड उचलला.